खिडकीला लागलेला कापूस

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना आमची शेजारीण आपणहून सांगते. तरीही दिवाळीनंतर एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन आमचे हे अगदी सहज म्हणाले, "सोमवारी यवतमाळहून स्लायडिंगवाला येऊन राह्यला माप घ्याले. समोरची खिडकी काढून टाकू."

"कोणती खिडकी?" मी गाळणी हातात धरून तशीच वळले.

"अवं समोरचीच. अल्युमिनियमची बसवू, काचवाली. लाकडाचा जमाना गेला आता."

मी गाळणी आपटली. चहाचा चोथा ओट्यावर, फरशीवर, थोडा ह्यांच्या पायावरसुद्धा. ह्यांनी पाय झटकला आणि खिडकीबद्दल आणखी काही बोलायच्या आत शेताकडे निघून गेले. वेचणीचे दिवस होते, बाया शेतात यायच्या वेळेला मालकानं हजर राहावं लागतं, हे कारण त्यांना बरं सापडलं.

समोरची खिडकी म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय माझा राग कोणाला कळायचा नाही. आमचं गाव नेरपासून आत, एसटीच्या फाट्यावर उतरून चालत यावं लागतं असं. घरासमोर ओटा, ओट्याला लागून बैठकीची खोली, आणि त्या खोलीला सागवानाची दोन पल्ल्यांची ही रुंद खिडकी. आतल्या बाजूला माझं शिलाई मशीन. गावातल्या बाया ब्लाउजपीस घेऊन दारातून येतच नाहीत. सरळ खिडकीशी येतात, कोपर टेकवतात, गजांमधून पिशवी आत सरकवतात आणि गळा किती खोल हवा ते सांगता सांगता कोणाच्या घरी काय शिजलं तेही सांगून जातात. माझं दुकान म्हणा, चावडी म्हणा, जे काय आहे ते ही खिडकी.

आणि खिडकीच्या बाहेर, तिच्याच खाली ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसतात मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बसून बोलत नाही. आता डोक्यावर पदर घे म्हणून कोणी मागे लागत नाही, माझ्या वयाच्या बाया तर मोबाइलवर सासऱ्याशी हसतखेळत बोलतात. पण मला लागलेलं वळण गेलं नाही. मामाजी खोलीत आले की मी उठून उभी राहते. मी उठले की ते अवघडतात, चष्मा शोधल्यासारखं करतात आणि बाहेर जातात. सासूबाई होत्या तोवर आमच्यातले सगळे निरोप त्यांच्या तोंडून जायचे. त्या गेल्या, आणि निरोप खिडकीतून जायला लागले. ते बाहेर, मी आत, मध्ये भिंत. ना त्यांना मी दिसत, ना मला ते. मग काय विचारता! आमच्या ज्या गोष्टी रंगतात! तुरीवरची अळी, नातेवाइकांची लग्नं, सरकार, बीपीची गोळी, सगळं त्या खिडकीतून.

आता ह्यांचंही थोडं खरं होतं, ते मान्य करते. खिडकी पाहण्यासारखी उरली नव्हती. पावसाळ्यात एक पल्ला फुगायचा तो उन्हाळ्यापर्यंत लागत नसे, आणि रंगाचे पापुद्रे असे सुटले होते की मशीनवर बसलं की मांडीवर पडायचे. रंग तरी कोणता म्हणावा? आमच्या घरात खिडकीसाठी म्हणून रंग कधी आणलाच गेला नाही. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची आणि डबीत उरलेला रंग खिडकीला फासायचा, ही मामाजींची पद्धत. उरलेल्या रंगात जेवढं लाकूड झाकलं जाईल तेवढं झाकायचं, बाकी पुढच्या पोळ्याला. त्यामुळे वरचा भाग लाल, मधे हिरवा, खाली पिवळ्याचा एक पट्टा. मागं बैलजोडी विकली, ट्रॅक्टर आला, आणि खिडकीचा रंगही थांबला. हे म्हणायचे, "खिडकी आहे का बैलाचं शिंग आहे?"

संध्याकाळी हे परतले तेव्हा मी दारातच उभी होते.

"मी रंगवते खिडकी," मी म्हटलं. "घासून, भेगांत लांबी भरून, नवी करते. सोमवारी तुमचा स्लायडिंगवाला आला की त्याच्यासमोर पाहा. चांगली दिसली अन् चांगली लागली तं राहीन. नाई तं खुशाल काढा."

हे हसले. "तुह्यानं होते का ते? घरचा ब्लाउज लोकायचे झाल्यावर शिवतं तू."

"पाहाच तुम्ही!"

"बरं. सोमवारपर्यंत. मंग रडायचं नाई."

ओट्यावर मामाजी बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं असणार. पण ते काही बोलले नाहीत. मुलाच्या संसारात तोंड घालायचं नाही हा त्यांचा नेम. मला वाटलं, निदान खाकरायला तरी काय हरकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी नेर गाठलं. बाजार समितीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, रस्ता तुंबलेला, आणि मी मधूनच वाट काढत रंगाच्या दुकानात. दुकानदारानं रंगांचं कार्ड समोर टाकलं आणि स्वतःच बोट ठेवलं, "ताई, चॉकलेटी घेऊन जा. मळत नाही."

मळत नाही! आयुष्यभर मी मळत नाही त्याच रंगाचं सगळं घेत आले. साडी मळत नाही ती, चादर मळत नाही ती, चपलासुद्धा. मी कार्ड उलटसुलट केलं आणि मला तो दिसला. मोरपंखी. निळा म्हणावा तर हिरव्याकडे झुकलेला, हिरवा म्हणावा तर निळा हसतोय. माझ्या लग्नात मामाकडून आलेल्या शालूचा हाच रंग होता.

"हा द्या," मी म्हटलं.

"हा बाहेरच्या खिडकीले? उठून दिसन, बापा!"

"उठून दिसण्यासाठीच तर पाहिजे!"

प्रायमर, लांबी, घासायला रेजमाल, ब्रश, टर्पेंटाइनची बाटली, आणि तो डबा. परतीच्या एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले. बाजूच्या बाईनं विचारलं, "तूप आहे का?" मी म्हटलं, "खिडकी आहे." ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मला असं हसू फुटलं की फाट्यावर उतरेपर्यंत आवरेना.

शनिवारी पहाटेची कामं उरकून मी खिडकीला भिडले. मशीन बाजूला सारलं, ओढणीनं नाक-तोंड बांधलं, हातात पत्ती घेतली आणि खरवडायला सुरुवात केली. काय सांगू! लालाखालून हिरवा निघाला, हिरव्याखालून गडद निळा, निळ्याखाली भगवा, त्याखाली पुन्हा लाल, आणि तो लाल तर असा ताजा की जणू काल लावलाय. मी आतून "अव्वो माय!" म्हणत होते आणि पत्ती थांबत नव्हती.

"निळा लागला का?" बाहेरून मामाजींचा आवाज आला.

"लागला, मामाजी."

"तो जोडी नवी होती तवाचा. एक बैल भल्ला मारका होता. शिंगाले हात लावू देईना. म्हणून डबी बम उरली, अन् खिडकी अर्धी निळी झाली."

"अन् हा भगवा?"

"तो तुह्या लग्नाच्या साली. बैलं अन् नवरदेव, दोघंही त्याच वर्षी रंगवले."

मी पत्ती सोडून पोट धरून हसले. माझे सासरे विनोद करतात हे गावात कोणाला सांगितलं तर पटायचं नाही. तो माणूस फक्त खिडकीतून विनोदी आहे.

थोड्या वेळानं बाहेरून खरखर ऐकू आली. बघते तर मामाजी ओट्यावर उभे, जुना विळा घेऊन पल्ल्याची बाहेरची बाजू खरवडतायत! पल्ल्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. मी पदर सावरायला गेले तर दोन्ही हात रंगाच्या भुश्यानं भरलेले. जाऊ दे म्हटलं. पल्ला मध्ये होताच की. संध्याकाळपर्यंत लाकूड उघडं पडलं, भेगांत लांबी भरली, रेजमाल मारला, प्रायमर झाला. जो पल्ला फुगायचा त्याची कड मामाजींनी हळूहळू तासली आणि कडी खट्कन बसली. तो आवाज ऐकायला मी ती कडी इतक्या वेळा लावली-काढली की शेजारीण बघायला आली.

रविवारी सकाळी डब्याचं झाकण उघडलं. आतला रंग बघून जीव असा हरखला की ब्रश बुडवायला धीर होईना. मग एकदा बुडवला आणि थांबलेच नाही. वरून खाली, वरून खाली. हात भरून आला तरी कळलं नाही. दुपारपर्यंत दोन्ही पल्ले मोरपंखी! उन्हात अशी चमकत होती माझी खिडकी की रस्त्यानं जाणारा मोटरसायकलवाला वेग कमी करून बघून गेला. शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाप्पा! आता तं तुह्या घरी यायले मले साडी बदलून यावं लागन."

मामाजी म्हणाले, "टर्पेंटाइनची बाटली तेवढी बाहेर ठेवजो सूनबाई. आत कापूस पडन संध्याकाळी."

बाटली मी लगेच बाहेर ठेवली. कापूस पडन, हे मात्र एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. आमच्याकडे वेचणीचा कापूस घरात येतो, सगळ्यांकडेच येतो. आतली खोली छतापर्यंत भरली की मग बैठकीत ढीग लागतो, आणि भाव बरा मिळेपर्यंत आम्ही त्या ढिगाला वळसे घालत जगतो. वर्षानुवर्षं असंच आहे. त्यात नवीन काय ऐकायचं?

चारच्या सुमारास ट्रॉली आली. ह्यांनी आणि मजुरांनी गाठोडी सोडून कापूस बैठकीत ओतला. पांढराशुभ्र, मऊ, खोलीच्या मधोमध ढीग. मी खिडकीला बोट लावून पाहिलं, रंग अजून चिकट होता. उद्या सकाळी तो माणूस येणार! वाळायला तर पाहिजे. म्हणून मी काय केलं? मी, एवढी कापसाच्या घरात जन्मलेली आणि कापसाच्या घरात दिलेली बाई, फर्राटा पंखा उचलला, ढिगाच्या मागे ठेवला, तोंड खिडकीकडे केलं आणि फुल्ल स्पीडवर लावून स्वयंपाकाला गेले.

भाकरी करता करता गुणगुणतसुद्धा होते.

दिवेलागणीला बैठकीत आले, बघते तर काय! खिडकीला मिशा फुटल्या होत्या! दाढी, मिशा, भुवया, सगळं. दोन्ही मोरपंखी पल्ल्यांवर वरपासून खालपर्यंत कापसाचे तंतू चिकटून उभे होते आणि वाऱ्यानं हलत होते. मी पंखा बंद केला तसे ते हलायचे थांबले, एवढाच फरक.

हे आले, बघितलं, आणि ढिगाशेजारी खाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अवं खिडकी रंगवली का गोधडी भरली?"

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि खरंच रडले. रंगासाठी नाही. ही खिडकी गेली की बाया दारातून येणार, बसणार, पाणी पिणार आणि निघून जाणार, आणि मी दिवसभर काचेकडे बघत टाके घालणार, या विचारानं रडले.

सोमवारी उजाडायच्या आधीच मी रेजमाल घेऊन उभी राहिले. रंग वाळला होता, त्यामुळे तंतू घासून निघत होते. डबा खरवडून खरवडून उजव्या पल्ल्यापुरता रंग निघाला. उजवा पल्ला पुन्हा झळकला. डाव्याला हात लावणार तोच रस्त्यावर मोटरसायकल थांबली.

स्लायडिंगवाला. तरुण, बोलका, खांद्याला बॅग. दार सताड उघडं होतं, पण तोही सरळ खिडकीशीच आला, कोपर टेकवलं आणि म्हणाला, "वहिनी, भाऊ आहेत का?" मग पल्ल्यावर हात ठेवला, आणि बघतो तो तळवा मोरपंखी!

"आहेत, आहेत," म्हणत हे बाहेर आले. "घ्या माप. अन् हा पाहा नमुना. एक पल्ला साफ, एकाले मिशा."

त्यानं डाव्या पल्ल्याकडे बघितलं, हसू दाबलं आणि बॅगेतून चकचकीत पुस्तक काढून ओट्यावर उघडलं. "भाऊ, हे पाहा. अर्धी बाजू सरकते, अर्धी फिक्स. मच्छरजाळी. काळी काच, बाहेरून आतलं काही दिसत नाही. धूळ नाही. आणि खास म्हणजे," त्यानं काचेवर ठोकल्यासारखं हवेत ठोकून दाखवलं, "एकदा बंद केली की बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. एकदम शांती!"

"पाह्य," हे माझ्याकडे बघून म्हणाले.

मी ब्रश घट्ट धरला. शब्द दिलेला होता आणि मिशा समोर होत्या.

"आवाज येत नाई म्हणता?" मामाजींनी विचारलं. ते नेहमीच्या जागी बसले होते, आमच्याकडे पाठ करून.

"बिलकुल नाही, काकाजी! गॅरंटी."

"मंग मी बोललो तं इले कसं ऐकू येईन?"

तो गोंधळला. ह्यांनीच उत्तर दिलं, "बाबा, तुम्ही आतमंधी या ना बोलाले. घर तुमचंच आहे."

"आत येऊन सुनेसमोर बसू? ती उठून उभी राहीन, मी बाहेर येईन. आजवर तसंच झालं." मामाजी उठले, भिंतीला हात लावून वळले. आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना मुलाशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तुही माय गेल्यापासून या घरात माह्याशी कोण बोलते? तू सकाळी जातं, रात्री येतं, जेवतं, झोपतं. मी दिवसभर या खिडकीशी बोलतो. ते बी बंद कर. काच लावून टाक."

ह्यांनी ओट्यावरचं पुस्तक बंद केलं.

स्लायडिंगवाल्याला म्हणाले, "दादा, चहा घ्या. तुमचा हात पुसून देतो. खिडकीचं काही नाई करायचं." मग खिडकीशी आले आणि माझ्याजवळचा रेजमाल उचलला. त्या दिवशी ते शेतात उशिरा गेले. डाव्या पल्ल्यावरचा कापूस त्यांनीच घासला, मान खाली घालून, आणि एकदाही मिशांवरून चिडवलं नाही. रंग उरलाच नव्हता, म्हणून तो पल्ला जरा खरखरीत आणि फिका राहिला. वरच्या कोपऱ्यात हात पोचला नाही, तिथं पांढरे तंतू अजून आहेत.

दुपारी मशीन जागेवर आलं. मी दोन्ही पल्ले उघडले, दोरा ओवला. बाहेर मामाजी भिंतीला टेकल्याचा आवाज आला. सकाळपासून आम्ही दोघंही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"मामाजी," मी शेवटी म्हटलं, "डावा पल्ला नेरहून रंग आणून नीट करते. कोपऱ्यात कापूस राह्यला."

"राहू दे," बाहेरून उत्तर आलं. "कोणी विचारलं तं सांगजो, यंदा पीक खिडकीपर्यंत आलं."

मी अशी हसले की ओवलेला दोरा सुईतून निघाला. बाहेर तेही हसत होते. भिंत मध्ये होती, तरी मला स्पष्ट ऐकू आलं.